आईच्या हनुवटीवरचं गोंदण तसंच राहू द्या

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे असते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घरात छातीएवढं पाणी आलं आणि ट्रंकेतले सगळे अल्बम गेले. आईचा म्हणून आता आधार कार्डावरचा फोटो आणि लग्नाकार्यांतल्या घोळक्यातले दोन-चार, एवढेच उरलेत. म्हणून तिचा एक चांगला, मोठा फोटो काढून घ्यायचं ठरवलंय. तिघांशी बोलले. सांगलीतला एक तरुण फोटोग्राफर आहे, इन्स्टाग्रामवर त्याचं बरंच नाव आहे. तो १८ हजार सांगतो. त्यात दोन साड्या, २५ एडिट केलेले फोटो आणि एक रील. फोनवर त्याने लोकेशन कुठलं आणि कपडे किती वेळा बदलणार, एवढंच विचारलं. दुसरे स्टँडजवळच्या स्टुडिओतले काका. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. घरी येऊन, १२ बाय १८ च्या फ्रेमसकट साडेतीन हजार म्हणाले. आजींना सकाळी बरं वाटतं की दुपारी, असं त्यांनी विचारलं. पण दुकानात लावलेले त्यांचे फोटो मला फार गुळगुळीत वाटतात. तिसरा माझा भाचा. त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे, फुकट काढतो म्हणतो. आई सावळी आहे, चष्मा आहे, कवळी आहे, हनुवटीवर गोंदण आहे. वहिनी म्हणते, एडिटिंगमध्ये जरा उजळ करून घेऊ आणि टिकलीही लावून घेऊ. (वडील जाऊन बारा वर्षं झाली.) आणि आई म्हणते, "मी मेल्यावर भितीला लावायला काढताय व्हय?" कुणाला सांगू?
एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई,

कुणाला सांगायचं ते तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात. एकाने विचारलं कपडे किती बदलणार. दुसऱ्याने विचारलं आजींना सकाळी बरं वाटतं की दुपारी. म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढायला आधी काय माहीत असावं लागतं, ते या दुसऱ्या माणसाला माहीत आहे. मी तुमच्या जागी असते तर काकांकडे गेले असते. पण डोळे मिटून नाही. ते गुळगुळीत फोटो तुम्हाला खटकले ते बरोबरच खटकले, आणि त्याबद्दल त्यांच्याशी आधी स्पष्ट बोलायला हवं. काय बोलायचं ते सांगते. त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी या एका मुद्द्यावर इतकी का अडून बसते ते कळेल.

माझे वडील एस. टी.त कंडक्टर होते. आयुष्यभर खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला, आणि गालांवर लहानपणच्या देवीचे वण. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. दहाव्याच्या आत फ्रेम हवी म्हणून भावाने त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो एका स्टुडिओत नेऊन दिला. दोन तासांत फ्रेम तयार. फोटोतल्या माणसाला निळा कोट आणि लाल टाय होता. गाल दुधासारखे साफ. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. त्या स्टुडिओवाल्याने वाईट हेतूने काही केलं नाही, सगळ्यांचं तो तसंच करत असणार, कुणी तक्रारही करत नसणार. आईने फोटोला हार घातला, कुणाला काही बोलली नाही. मग आत गेली, कपाटातून वडिलांचा बिल्ला काढून आणला आणि फ्रेमच्या कोपऱ्याला अडकवला. तो अजून तिथेच आहे. आम्ही पाया पडतो तेव्हा माझी नजर फोटोवर जात नाही, त्या बिल्ल्यावर जाते.

तुम्ही आई हाती-पायी धड असताना हा विचार करताय, तिला विचारून करताय, याचं मला फार बरं वाटलं. आता घाई करू नका आणि कशावरही तडजोड करू नका.

काकांच्या दुकानात एकदा निवांत जाऊन बसा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला स्टुडिओत गर्दी कमी असते. भिंतीवरचे फोटो त्यांनी निवडून लावलेले असतात, त्यांवरून माणूस कळत नाही. त्यांना म्हणा, एखाद्या आजी-आजोबांचे एका बैठकीत काढलेले सगळे फोटो दाखवा, एडिट न केलेलेसुद्धा. तीस-चाळीस फोटो सलग पाहिले की दिसतं की पहिल्या पाचात ताठ बसलेल्या आजी विसाव्या फोटोपर्यंत सैल झाल्या की तशाच राहिल्या. सैल झाल्या असतील तर फोटो काढणाऱ्याला माणसाशी बोलता येतं. हे कॅमेऱ्याच्या किमतीवर ठरत नाही.

फोटो पाहताना आणखी दोन जागा बघा. पहिली, बुबुळ. फोटोतल्या माणसाच्या बुबुळात उजेडाचा ठिपका असतो. तो खिडकीसारखा चौकोनी आणि मोठा असेल तर उजेड मऊ होता, बाजूने आला होता. अगदी बारीक, मधोमध टाचणीच्या टोकाएवढा असेल तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारलाय; अशा फोटोत चेहरा सपाट होतो आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. अंगठीसारखा गोल असेल तर रिंग लाइट. दुसरी जागा, हात. चेहरा आणि हात यांचा रंग एकच आहे का? चेहरा गव्हाळ आणि हात काळेसावळे असतील तर चेहरा एडिटिंगमध्ये उजळलाय, हाताकडे लक्ष गेलेलं नाही. हे एकदा दिसायला लागलं की मग प्रत्येक फोटोत दिसतं.

इन्स्टाग्रामवाल्या मुलावर माझा राग नाही. लग्नं, प्री-वेडिंग हे त्याचं काम आहे आणि तो ते चांगलं करत असेल. पण ८१ वर्षांच्या बाईला दोन साड्या बदलायला लावणं म्हणजे काय, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी एक लुगडं नेसायलाच अर्धा तास जातो. २५ फोटो घेऊन तुम्ही काय करणार? तुम्हाला एक हवाय. फार तर तीन. आणि रील कुणासाठी?

आता फोटो कुठे काढायचा. स्टुडिओत नको, घरीच. तुमच्या भागातल्या जुन्या घरांना सोपा, म्हणजे आत शिरल्यावरची पुढची बैठकीची जागा असते, आणि सोप्याला मोठं दार. त्या दारापेक्षा चांगला उजेड स्टुडिओतल्या कुठल्याही सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या दिव्यातून येत नाही. खुर्ची उंबऱ्याच्या आत तीन-चार फुटांवर ठेवायची, अंगावर थेट ऊन येणार नाही अशी, आणि आईचं तोंड दाराकडे तिरकं. बाहेरच्या अंगणाचा उजेड एका गालावर येतो, दुसऱ्या गालावर हलकी सावली राहते, चेहऱ्याला उठाव येतो. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरायचा. फोटोवाले हे नेहमी करतात, थर्माकोल नसेल तर धुतलेलं पांढरं धोतरही चालतं. आई डोक्यावरून पदर घेत असेल तर दाराचा उजेड आणखी उपयोगी, कारण तो समोरून, खालच्या अंगाने येतो. वरून आलेला उजेड पदराखाली कपाळ आणि डोळे अंधारात टाकतो. सोप्यातली ट्यूबलाइट मात्र बंद करा. दोन रंगांचे उजेड एका चेहऱ्यावर पडले की कातडीचा रंग बिघडतो, आणि मग तो 'दुरुस्त' करायला एडिटिंग येतं.

वेळ काकांनी विचारलीच आहे. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, औषधं घेतल्यावर, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान साधारण सगळ्याच म्हाताऱ्या माणसांचा चेहरा ताजा असतो. पण तुमच्या आईचं तुम्हाला माहीत. एकूण तासभर धरा, त्यातला कॅमेऱ्यासमोरचा वेळ वीस मिनिटं. काकांना सांगा, आल्या आल्या कॅमेरा काढू नका. आधी चहा घ्या, आईशी गावच्या, द्राक्षांच्या, पावसाच्या गप्पा मारा.

आईच्या हातात काहीतरी काम द्या. वाती वळत असेल तर कापूस आणि ताट मांडीवर ठेवा. शेंगा निवडत असेल तर सूप. ज्या माणसाने आयुष्यभर हात चालवलेत त्याला रिकामे हात मांडीवर ठेवून बस म्हटलं की तो अवघडतो, खांदे वर जातात, ओठ आवळले जातात. तेच हात कामाला लागले की पाच मिनिटांत तोंड मोकळं होतं. मग काकांनी नुसती "आजी" अशी हाक मारायची. वात वळता वळता ती मान वर करून बघेल, तो तुमचा फोटो. "हसा, हसा" म्हणायचं नाही. तुमची आई कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्यांतली नसेल तर न हसलेला फोटोच तिचा.

पुरुष माणसापुढे आई फार संकोचत असेल तर बाई फोटोग्राफर बघा, आता लहान शहरांतही मुली हे काम करतात. ही सोय नवी नाही. त्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथे कॅमेऱ्यामागे बाईच असे. तुमच्या काकांना आई ओळखत असेल तर हा प्रश्न येणार नाही. निदान तुम्ही काकांच्या खांद्यामागे बसा, म्हणजे आई बघेल ती तुमच्याकडे.

काका कुठली लेन्स लावणार हेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही. चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स चांगली, कारण ती लावून माणूस पाच-सहा फूट लांब उभा राहतो. अगदी जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोन तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत आपण आपल्यासारखे दिसत नाही, त्याचं कारण तेच. काकांनी खाली बसून, आईच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरायला हवा. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत म्हातारं माणूस बिचारं दिसतं. तुमच्या आईने पुरानंतर घर पुन्हा उभं केलेलं पाहिलंय. तिला बिचारी दिसू देऊ नका.

चष्मा काढू नका. वर्षानुवर्षं चष्मा लावलेल्या माणसाने तो काढला की नाकावर दोन खड्डे दिसतात आणि डोळे कुठेतरी हरवल्यासारखे वाटतात. नातवंडांना आजी चष्म्यातलीच आठवणार. काचेवर दाराचा उजेड चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानामागे केसभर वर उचलायच्या, काचा किंचित खाली झुकतात आणि चमक जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आईला त्याआधी अर्धा तास अंगणात बसू देऊ नका. कवळी ती रोज लावत असेल तर लावावी. फक्त जेवणापुरती लावत असेल तर तिला विचारा. मिटलेल्या तोंडाचा फोटो उत्तम येतो. कपड्यांचं एवढंच, नवं कोरं नको. दोनदा धुतलेलं, अंगाला सवय झालेलं लुगडं, इरकली असेल तर फारच छान. चकचकीत जरीवर उजेड चमकतो आणि सगळं लक्ष तिकडे जातं.

आता वहिनींचा मुद्दा. तुम्ही तो पत्रात शेवटी लिहिलाय, पण सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे.

उजळ करून घेऊ, हे आपण किती सहज म्हणतो. लग्न जुळवायच्या फोटोपासून आपल्याला ती सवय आहे. पण सावळा चेहरा काळवंडलेला येतो तो चेहऱ्यामुळे नाही, फोटो काढणाऱ्यामुळे. पांढऱ्या भिंतीपुढे सावळं माणूस बसवलं की कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी काढतो, पांढरं जास्त दिसतंय म्हणून उजेड कमी करतो, आणि चेहरा अंधारात जातो. ज्याला काम येतं तो चेहऱ्याचा उजेड मोजतो आणि मागे पांढरी भिंत येऊच देत नाही. शेणाने सारवलेली, पिवळसर, मातकट, राखाडी, कुठलीही भिंत चालेल. सोप्याच्या आतला अंधार मागे आला तर सर्वांत सुंदर. फिल्मच्या काळातही हे होतंच. कोडॅक ही फिल्म बनवणारी कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवायला नमुन्याचं कार्ड पाठवायची, त्यावर गोरी बाई असायची, आणि त्यातल्या पहिल्या बाईच्या नावावरून कार्डाला 'शर्ली कार्ड' असंच नाव पडलं होतं. तिची कातडी नीट आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं. आपल्या आयाबायांचे जुने रंगीत फोटो काळपट आलेत त्याला हेही एक कारण आहे. आज तसं व्हायची गरज नाही. नीट उजेडात काढलेली सावळी कातडी तांब्याच्या भांड्यासारखी तेज धरते. ती पांढरी केली की पिठासारखी होते.

काकांच्या फोटोंतला गुळगुळीतपणा बहुतेक सॉफ्टवेअरमधला असणार. एका बटणावर सगळी कातडी सपाट होते. गिऱ्हाईकं मागतात म्हणून ते करत असतील. त्यांना कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका, कारण एडिटिंगला बऱ्याचदा दुसराच मुलगा बसलेला असतो आणि त्याने तुमच्या आईला पाहिलेलं नसतं. लिहा, की सुरकुत्या पुसायच्या नाहीत, रंग उजळायचा नाही, गोंदण पुसायचं नाही. हे शेवटचं खास लिहा. त्या पोराला गोंदण म्हणजे काय ते माहीत नसेल, हिरवट ठिपके दिसले की तो डाग समजून पुसून टाकेल. तुमच्या आईच्या हनुवटीवर सुई टोचून कुणीतरी ते गोंदलं असेल, तिच्या माहेरी, ती पोर असताना. तिच्या अंगावरची तेवढी एकच खूण तिने पुरातसुद्धा गमावली नाही. काय करायला हरकत नाही तेही लिहा. कपाळावर आलेली केसांची बट, लुगड्यावरचा चहाचा डाग, त्या दिवशी उठलेली पुटकुळी. उद्या नाहीशा होणाऱ्या गोष्टी काढून टाकल्या तरी चालतील. आयुष्यभराच्या राहायला हव्यात.

टिकलीचं वेगळं आहे. तिथे तुमचं, वहिनींचं किंवा माझं मत चालत नाही, आईचं चालतं. तिला एकटीला गाठून विचारा, वहिनींसमोर नको. तिला कुंकू लावावंसं वाटत असेल, फक्त लोक काय म्हणतील म्हणून थांबली असेल, तर त्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःच्या हाताने लावा. तुमच्यापासून लांब नाही ते हेरवाड गाव, शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या गावांना तसं करायचं आवाहन केलं. आईला हे सांगा. ऐकून ती नको म्हणाली तर विषय संपला, कपाळ मोकळं राहू द्या. कॉम्प्युटरवर चिकटवलेली टिकली दोन्ही बाजूंनी खोटी. तिने ती लावलेलीच नसते, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

पैशांचं थोडक्यात. साडेतीन हजारात गावी येणं-जाणं, काढणं आणि फ्रेम, हे कमी आहेत. काकांनी तुमच्या अटी मान्य केल्या तर वरचे हजार-पाचशे आपण होऊन द्या, त्यांची अर्धी सकाळ जाणार आहे. त्या बदल्यात निवडलेल्या तीन-चार फोटोंच्या पूर्ण आकाराच्या फाइली पेन ड्राइव्हवर मागा. व्हॉट्सॲपवर नकोत, तिथे फोटो बारीक होऊन येतो. १२ बाय १८ इंचांचा फोटो स्वच्छ छापायला इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४०० ठिपक्यांची फाइल लागते. तुमच्याकडे आलेली फाइल त्याहून फार लहान असेल तर परत मागा. काही फोटोवाले फाइली द्यायला कुरकुरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, उलट करार केलेला नसेल तर. त्यामुळे कुठल्याही पॅकेजच्या छापील फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचा. आणि आईचा फोटो दुकानाच्या भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर लावायचा असेल तर आधी तिला विचारायचं, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

पुराचं घर आहे, म्हणून आणखी एक. पेन ड्राइव्ह गावी ठेवू नका. एक प्रत तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे, एक ऑनलाइन. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, नाहीतर ओल आली की फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. कागद मॅट घ्या, ट्यूबलाइट चमकत नाही.

भाच्याला नाराज करू नका. त्याला बोलवा. एक माणूस थर्माकोल धरायला लागतोच, आणि त्याचा कॅमेराही असू द्या. काका खुर्ची हलवत असतील, आई पदर सारखा करत असेल, तेव्हाचे फोटो त्याने काढावेत. फुकट आहे म्हणून मुख्य काम त्याला देऊ नका. फोटो बरा नाही आला तर तुम्ही त्याला पुन्हा काढ म्हणणार नाही, आणि आई दुसऱ्यांदा बसणार नाही.

काकांनी गोंदण आणि सुरकुत्यांची अट ऐकून "ताई, असं कुणी घेत नाही" म्हटलं, तर तिथून उठा. दुसरे शोधा, दोन महिने लागले तरी चालतील. पण मला वाटतं ते ऐकतील. ज्याने आजींची वेळ विचारली तो आजींचा चेहराही ठेवेल.

राहिलं आईचं बोलणं. 'मी मेल्यावर भितीला लावायला काढताय व्हय?' तिला नाही म्हणून सांगू नका. ती ८१ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं, आणि खोटं बोललात तर ती त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर अविश्वासाने बसेल. म्हणा, होय आई, तेव्हाही हाच लावू, म्हणून तुझ्या पसंतीचा काढतोय. आणि मग खरोखर तिला निवडू द्या. छोट्या प्रिंट काढून तिच्या हातात द्या, फोनवर दाखवू नका, तिला त्यात काही दिसत नाही. तुम्हाला आवडलेला आणि तिला आवडलेला वेगळा निघाला तर तिचा मोठा करा. फ्रेम आली की लगेच सोप्यात लावा, ती रोज बसते तिथून दिसेल अशी. फोटो जिवंत माणसाचा आहे, त्याला हाराची वाट बघायला लावू नका.

आणखी एक गोष्ट मी तुमच्या पत्रात शोधली, सापडली नाही. तुमच्या दोघींचा फोटो. त्या दिवशी तुम्हीही बरी साडी नेसून जा. काकांचं काम संपलं, आई सैलावली, की काकांच्या मागून उठा आणि तिच्या खुर्चीशेजारी खाली बसा. दोन-तीन फोटो तुमचे काढायला सांगा. ती तुमच्या डोक्यावर हात ठेवेल की वाती वळत राहील, ते तिच्यावर सोडा.